खाल्लं तर संपलं, मग ‘हॅव’ कशाला?

शेवग्याची_शेंग

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढते आहे. प्रश्न माझा नाही, आमच्या आईंचा (सासूबाईंचा) आहे, पण गेला आठवडाभर तो माझ्याच डोक्यात बसलाय.

लेक नववीत आहे, शाळेत जर्मन घेतलंय. रविवारी सकाळी ओट्याजवळ उभी राहून पाठ करत होती, “इश हाबं गेगेसन, डू हास्ट गेगेसन, एर हाट गेगेसन.” आई खाली बसून मटार सोलत होत्या. त्यांनी विचारलं, “हाबं म्हणजे काय गं?”
“माझ्याकडे आहे.”
“आणि ते गेगेसन?”
“खाल्लेलं.”
आईंचा हात थांबला. “खाल्लं तर संपलं की. मग ‘माझ्याकडे आहे’ कशाला म्हणायचं? काय राहिलंय त्यांच्याकडे?”

लेकीने माझ्याकडे पाहिलं, मी लेकीकडे. मी लग्नाआधी फ्रेंचच्या दोन परीक्षा दिल्यात. तिथेही ‘झे मांझे’, म्हणजे ‘माझ्याकडे आहे’ अधिक ‘खाल्लेलं’. इंग्रजीत ‘आय हॅव ईटन’. स्पॅनिश ‘ए कोमीदो’, इटालियन ‘ओ मांजातो’. इतकी वर्षं हे शिकले, शिकवलं, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला पहिल्या मिनिटात जे खटकलं ते मला कधी खटकलंच नाही.

तर प्रश्न दोन. एक, या सगळ्या भाषांना हे रूप एकाच आईकडून मिळालं की एकमेकींचं बघून त्या शिकल्या? दोन, आईंना काय सांगू?

करवंद

आजींना साष्टांग नमस्कार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पोटात आहे की!

इसारकाठची

म्युनिकमध्ये अकरा वर्षं झाली, जर्मन शिकवते. आजींनी दुखऱ्या नसेवरच बोट ठेवलंय.

सुरुवात खाण्यापासून झालेली नाही, ती अशा गोष्टींपासून झाली ज्या केल्यावर *उरतात*. लॅटिनमध्ये ‘एपिस्तुलाम स्क्रिप्ताम हाबेओ’ असं म्हणत. शब्दशः ‘लिहिलेलं पत्र माझ्यापाशी आहे’. पत्र खरंच टेबलावर पडलेलं आहे. कोणी लिहिलं ते वाक्य सांगतही नाही, मी लिहिलं असेल किंवा लेखनिकाने. पण माझ्यापाशी लिहिलेलं पत्र आहे म्हणजे बहुतेक मीच लिहिलं असणार, असा अर्थ ऐकणारा आपोआप लावतो. पिढ्यान् पिढ्या हेच होत राहिलं आणि ‘माझ्यापाशी आहे’ मागे पडून ‘मी लिहिलं आहे’ हा अर्थ पुढे आला. एकदा तो पक्का झाल्यावर मग पत्र काय आणि पोळी काय. खाऊन संपलेल्या वस्तूलाही तेच रूप लागू झालं. आजींना दिसतंय ती जुन्या अर्थाची खूण आहे.

गंमत म्हणजे त्या लॅटिन वाक्यात ‘स्क्रिप्ताम’ हे रूप पत्राप्रमाणे स्त्रीलिंगी आहे. आपल्या ‘पोळी खाल्ली, आंबा खाल्ला’सारखं.

दर्यावर्दी

म्हणजे लॅटिनमधून सगळीकडे गेलं. ‘हाबेओ’, ‘हाबं’, ‘हॅव’ हे तर उघडच एक आहेत. विषय संपला.

जुनं_दप्तर

@दर्यावर्दी, नाही हो, इथेच सगळे फसतात. लॅटिन ‘हाबेरे’ आणि जर्मन ‘हाबन’ यांचं रक्ताचं नातं नाही.

याकोब ग्रिमने (परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांतला थोरला) १८२२ साली ध्वनिबदलाचा जो नियम मांडला त्यानुसार लॅटिनमधल्या ‘क’च्या जागी जर्मनिक (जर्मन, इंग्रजी ज्या कुळातल्या त्या) भाषांत ‘ह’ येतो. लॅटिन ‘केंतुम’ तर जर्मन ‘हुंडर्ट’, लॅटिन ‘कोर्नू’ तर ‘हॉर्न’, लॅटिन ‘कानिस’ (कुत्रा) तर ‘हुंड’. त्यामुळे ‘हाबन’चा खरा लॅटिन चुलतभाऊ ‘कापेरे’ आहे, म्हणजे पकडणे. आणि लॅटिन ‘हाबेरे’च्या धातूतून जर्मनमध्ये काय आलं असं मानतात? ‘गेबन’. इंग्रजीत ‘गिव्ह’. म्हणजे देणे!

एकाच्या घरी ‘धरणे’ आणि दुसऱ्याच्या घरी ‘देणे’ झालेले हे दोन वेगळे धातू आहेत. ते दिसायला आणि अर्थाला सारखे झाले हा योगायोग, पण त्यांचा व्याकरणातला उपयोग सारखा झाला तो योगायोग नाही. त्याबद्दल रात्री सविस्तर लिहितो.

दर्यावर्दी

हे माहीत नव्हतं. विषय संपला नाही, मान्य. रात्री वाट बघतो.

पाटीपेन्सिल

आमच्या क्लासमध्ये (पुणे, जर्मनची बी-१ पातळी चालू आहे) सगळ्यात जास्त मार्क या रूपापायी जातात, कारण ‘हाबन’ लावायचं की ‘झाइन’ (असणे) हे कळत नाही. खाल्लं तर ‘इश हाबं गेगेसन’, पण गेलो तर ‘इश बिन गेगांगन’. मी स्वतःपुरती एक युक्ती काढली आहे, चूक असेल तर सांगा.

मराठीत ‘त्याने’ येतं तिथे हाबन. त्याने खाल्लं, त्याने पाहिलं, त्याने लिहिलं. आणि ‘तो’ येतं तिथे झाइन. तो गेला, तो आला, तो मेला, तो राहिला. गेल्या चाचणीत वीसपैकी सोळा बरोबर आले.

इसारकाठची

@पाटीपेन्सिल, युक्ती सुरेख आहे आणि तिच्यामागे खरं कारणही आहे. पण ती चार वाक्यं कुठे चुकली ते बघा. मी सांगते, बहुतेक ही असणार:

तो झोपला, तो हसला, तो विसरला, तो शिकला. मराठीत ‘तो’, पण जर्मनमध्ये चारही ठिकाणी हाबन. जर्मन विचारते ती गोष्ट अशी: कर्ता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेला का, किंवा एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत गेला का? नुसतं झोपणं ही अवस्थाच, म्हणून हाबन. पण ‘झोप लागली’ हा जागेपणातून झोपेत झालेला बदल, तिथे झाइन. ‘राहिला’ आणि ‘होता’ ही दोन झाइनवाली रूपं मात्र तशीच पाठ करा, ती या नियमात बसत नाहीत.

उलटा खड्डाही आहे. ‘त्याने उडी मारली’, ‘त्याने प्रवास केला’. मराठीत ‘त्याने’, कारण आपण ‘मारणे’, ‘करणे’ जोडून क्रियापद बनवतो. जर्मनमध्ये दोन्हींना झाइन.

पाटीपेन्सिल

झोपणे, विसरणे, शिकणे. चौथं हसणे नव्हतं, उडी मारणे होतं! तुम्ही माझा पेपर पाहिलात का?

इसारकाठची

अकरा वर्षं तोच पेपर तपासतेय. :)

तोरीनोकर

इटलीतून राम राम. मी जुळ्या शहरांसारख्या दोन वाक्यांसाठी इथे आलोय.

शेजारणीने विचारलं, केक (इटालियनमध्ये स्त्रीलिंगी, ‘तोर्ता’) कुठे गेला? मी म्हणतो ‘लो मांजाता’. पाव (पुल्लिंगी) कुठे गेला? ‘लो मांजातो’. शेवटचा स्वर बदलला. मराठीत: पोळी? खाल्ली. पाव? खाल्ला. मी पुरुष असो की बाई, क्रियापद माझ्याकडे बघतच नाही, पोळीकडे बघतं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका जर्मन मुलीला हे समजायला सहा महिने लागले, कारण तिच्या भाषेत आता ते रूप गोठलंय. मला एका वाक्यात समजलं. शिक्षिकेने विचारलं, कसं काय? म्हटलं, आमच्याकडे रोज हेच चालतं.

‘गेलो’ म्हणताना उलट. ‘सोनो आंदातो’ मी, ‘सोनो आंदाता’ माझी बायको. मी गेलो, मी गेले. सगळं जुळतं.

अवांतर: हे मी राहतो त्या उत्तरेतलं. दक्षिणेत, विशेषतः सिसिलीत, आज सकाळच्या गोष्टीलाही साधा भूतकाळ वापरणारे लोक भेटतात. आमच्याकडे तो साधा भूतकाळ पुस्तकातच राहिलाय.

शेवग्याची_शेंग

@तोरीनोकर, फ्रेंचमध्येही कर्म आधी आलं की हे होतं, पण लिहिताना. ‘मी खाल्लेलं सफरचंद’ लिहिताना शेवटी एक जादा ‘ए’ लिहायचा, जो बहुतेकदा ऐकूच येत नाही. त्या न ऐकू येणाऱ्या अक्षरापायी मी परीक्षेत किती गुण घालवलेत!

मिरचीकांदा

बेल्जियममध्ये यावरून २०१८ साली मोठा वाद झाला होता. दोन माजी शिक्षकांनी पॅरिसच्या वर्तमानपत्रात लेख लिहून मागणी केली की ‘आवुआर’ (फ्रेंचमधलं ‘हॅव’) याच्याबरोबर येणारं रूप कधीच बदलू नये, मुलांचे इतके तास या नियमावर जाऊ नयेत. हा नियम रुजवणाऱ्यांत सोळाव्या शतकातल्या क्लेमाँ मारो या कवीचं नाव येतं, त्याने इटालियनचा दाखला देऊन या नियमावर कविताच लिहिली होती. माझी मुलं ब्रसेल्सच्या शाळेत आहेत. वह्या तपासताना मी त्या दोन शिक्षकांच्या बाजूची असते.

तोरीनोकर

मी विरुद्ध बाजूचा. ‘पोळी खाल्ला’ कानाला कसं वाटतं? ते ‘ए’ ऐकू येत नसलं तरी त्या वाक्यात पोळी अजून जिवंत आहे.

मिरचीकांदा

‘पोळी खाल्ला’ कानाला खटकतं, म्हणूनच मराठी मुलाला ते शिकवावं लागत नाही. फ्रेंच मुलाला खटकत नाही, म्हणून शिकवावं लागतं. माझा मुद्दा एवढाच.

जुनं_दप्तर

सांगितल्याप्रमाणे, रात्रीची पाळी.

शेवग्याताईंचा पहिला प्रश्न: एका आईकडून की बघून बघून? माझ्या मते बघून बघून, आणि पुरावा बराच भक्कम आहे.

अभिजात लॅटिनला ‘मी लिहिलं आहे’ सांगायला या जोडरूपाची गरजच नव्हती, ‘स्क्रिप्सी’ हा एकच शब्द पुरत होता. दुसऱ्या बाजूला गॉथिक, ही जर्मनिक कुळातली सगळ्यात जुनी, मोठा मजकूर उपलब्ध असलेली भाषा. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने तीत बायबल आणलं. त्यात ‘हॅव’चं हे रूप नाही. म्हणजे मूळ आईकडे नव्हतं, थोरल्या बहिणीकडेही नव्हतं.

मग सुमारे ८३० साली जर्मनीतल्या फुल्डाच्या मठात येशूचं चरित्र लॅटिनमधून त्या वेळच्या जर्मनमध्ये उतरवलं गेलं. त्यात अंजिराच्या झाडाचा दृष्टान्त आहे. लॅटिन वाक्याची ठेवण अशी: ‘कोणा एकापाशी अंजिराचं झाड होतं, लावलेलं, त्याच्या द्राक्षमळ्यात’. जर्मन वाक्य सुरू होतं ‘फीगबाउम हाबेता सुम गिफ्लान्झोतान’. अगदी तीच ठेवण, ‘लावलेलं’ला झाडाप्रमाणे प्रत्ययसुद्धा लागलाय. बहुतेक व्याकरणांत या रूपाचं जुनं उदाहरण म्हणून हेच वाक्य येतं. झाड मळ्यात उभं आहे, त्याच्या मालकीचं आहे, आणि लावलेलं आहे. अर्थ अजून ‘आहे’ आणि ‘केलं’ यांच्या मधे लटकलाय.

फ्रँक लोकांचा सम्राट शार्लमेन ८१४ साली गेला. त्याच्या साम्राज्यात आजचा फ्रान्स, पश्चिम जर्मनी, हॉलंड-बेल्जियम, उत्तर इटली एकत्र होते. मठांत लॅटिन लिहिणारे आणि घरी जर्मन बोलणारे एकच लोक. आज हे रूप सगळ्यात घट्ट कुठे बसलंय तर याच पट्ट्यात. बेंजामिन ली व्होर्फ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने युरोपातल्या भाषांच्या या सारखेपणाला १९३९च्या सुमारास ‘सरासरी युरोपीय’ अशा अर्थाचं नाव दिलं, आणि पुढच्या अभ्यासकांनी गाभ्याच्या भाषांना चक्क ‘शार्लमेनचा भाषासंघ’ म्हटलं. नात्याने लांबच्या असलेल्या भाषा शेजारामुळे सारख्या होतात. आपल्याला यात नवल वाटू नये, मराठीला द्राविड शेजाराने काय काय दिलंय ते आपण जाणतोच.

सासवडी

भाषेतलं काही कळत नाही, पण अंजीर म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्याकडे पुरंदरात अंजीर फांदीच्या कलमाने लावतात. लावलेलं झाड हीच शेतकऱ्याची शिल्लक असते. ‘शंभर झाडं लावलेली आहेत’ म्हणालो की लोक समजतात, याच्यापाशी शंभर झाडं *आहेत*. कधी लावली ते कोणी विचारत नाही. तुमच्या त्या मठातल्या माणसाचं वाक्य मला एकदम कळलं.

जुनं_दप्तर

सासवडीअण्णा, तुमच्या तीन ओळींत माझे चार परिच्छेद आले.

व्यासपीठ

संस्कृतात ‘मया पत्रं लिखितम्’ हे आधीपासून आहे. तिथूनच युरोपात गेलं असणार. एवढं सरळ असताना शार्लमेन कशाला?

जुनं_दप्तर

@व्यासपीठ, संस्कृतातलं रूप जुनं आहे यात वाद नाही, पण त्यात ‘हॅव’ कुठे आहे? ‘मया लिखितम्’ म्हणजे ‘माझ्याकडून लिहिलं गेलं’. पकडणे, धरणे अशा अर्थाचं क्रियापद त्यात नाही, आणि युरोपातल्या रूपाचा प्राण तेच क्रियापद आहे. शिवाय गॉथिकमध्ये आणि जुन्या लॅटिनमध्ये ते रुळलेलं नाही, मग संस्कृतातून ते कुणाच्या खांद्यावर बसून थेट फुल्डाला उतरलं?

मात्र तुमच्या वाक्याला एक थोर सोबती आहे. इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर दारयवहु (डरायस) राजाचा इसवी सनापूर्वी ५२०च्या सुमाराचा शिलालेख आहे. त्यात तो म्हणतो ‘इमा त्य मना कर्तम’, हे मी केलेलं. ‘मना’ हे षष्ठीसारखं, ‘माझं’. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बाँव्हेनिस्त याने १९५२ साली मांडलं की हे ‘माझं केलेलं आहे’, म्हणजे मालकीचंच वाक्य, आणि लॅटिनच्या ‘हॅव’ रूपाशी त्याची ठेवण जुळते. सगळ्यांना ते पटलेलं नाही. पण मला त्या कड्याखाली उभं राहून ते वाक्य वाचायची फार इच्छा आहे.

व्यासपीठ

पटलं. आणि आपलं ‘म्यां केलें’? तेही ‘मया कृतम्’चंच ना?

जुनं_दप्तर

हो. जुन्या मराठीत ‘म्यां’, ‘त्वां’ असं स्पष्ट वेगळं रूप होतं. आज ‘मी’, ‘तू’ झालं, म्हणून ‘मी खाल्लं’ वाचताना कर्ता साधा वाटतो. पण ‘त्याने’ अजून खरं सांगतो.

मांडवीपार

आमच्या कोंकणीत ‘हांव’ आणि ‘हांवें’ हा फरक अजून आहे, तेवढं नोंदवून ठेवा.

आता खरा मुद्दा. पोर्तुगीज कुणीच आणली नाही. माझी आजी मडगावची, १९६१च्या आधी पोर्तुगीज शाळेत शिकलेली. मी लिस्बनला निघण्याआधी पुस्तकातून शिकून तिला ऐटीत म्हटलं, ‘तेन्यु कुमीदु’. मला म्हणायचं होतं, मी जेवलोय. तिने काळजीने विचारलं, “कितें, सदांच?”

कारण पोर्तुगीजमध्ये हे रूप वेगळ्याच वाटेला गेलंय. एकतर त्यांनी ‘हाबेरे’ सोडून ‘तेनेरे’, म्हणजे धरून ठेवणे, हे क्रियापद घेतलं. आणि अर्थ झाला ‘हल्ली वरचेवर खात आलोय’. ‘जेवलोय’ म्हणायला साधा भूतकाळच: ‘झा कुमी’, जेवलो कधीच. स्पेनमध्ये शेजारीच ‘ए कोमीदो’ म्हणजे आज जेवलोय. एक सीमा ओलांडली की तेच रूप बदलतं.

करवंद

“कितें, सदांच?” वाचून डोळे भरून हसले. आजी मंडळींचाच हा धागा आहे.

चाफा_पांढरा

इंग्रजीची शिक्षिका म्हणून दोन शब्द. स्पेनचं ‘आज’ आणि इंग्रजीचं ‘यस्टरडे’ यांचा संबंध आहे. इंग्रजीत ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ चालत नाही. काळ नेमका सांगितला की ‘हॅव’ काढायचं. आमची मुलं हे चुकतात, कारण मराठीत ‘काल सांगितलंय ना तुला!’ अगदी बिनचूक आहे. त्याहून जास्त वेळा ती म्हणतात ‘आय हॅड गॉन टू मुंबई यस्टरडे’, कारण मनात ‘काल मुंबईला गेलो होतो’ असतं. मी त्यांना ओरडत नाही. त्यांनी मराठी नीट लावलेली असते, फक्त भाषा दुसरी असते.

इसारकाठची

@चाफा_पांढरा, जर्मनमध्ये तुमची मुलं पास होतील. इथे ‘काल’ बरोबर हे रूप खुशाल चालतं. दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये तर बोलण्यातला साधा भूतकाळ जवळजवळ गेलाच. बव्हेरियात ‘मी होतो’सारख्या एखाददुसऱ्या रूपालाच साधा भूतकाळ उरलाय, स्वित्झर्लंडमध्ये तोही नाही, ‘इख बी गसी’ म्हणतात. फ्रेंच आणि उत्तर इटालियनचीही तीच वाट. जे रूप ‘लिहिलेलं पत्र पुढ्यात आहे’ म्हणत सुरू झालं, ते तिथे साधा भूतकाळ होऊन बसलं. इंग्रजी आणि स्पेनची स्पॅनिश अजून अर्ध्या वाटेवर थांबल्यात.

आणि हो, उभं राहणे, बसणे. उत्तरेत ‘इश हाबं गेश्टांडन’ म्हणजे ‘मी उभा होतो’, पण त्याच शब्दांचा अर्थ ‘मी गुन्हा कबूल केला’ असाही होतो. दक्षिणेत उभं राहण्याला झाइन लावतात, ‘इश बिन गेश्टांडन’, त्यामुळे गोंधळ उरत नाही. बसण्याचंही तेच, ‘हाबन’ लावलं तर ‘तुरुंगात बसलो होतो’ असा अर्थ निघू शकतो. माझ्या बव्हेरियन सासऱ्यांचं म्हणणं, या दोन शब्दांपुरती तरी दक्षिणेचीच जर्मन शहाणी आहे. मी त्यांच्याशी सहमत आहे.

करवंद

इंग्रजीत पण ‘झाइन’सारखं काही होतं का?

चाफा_पांढरा

होतं. १६११च्या बायबलमध्ये ‘ही इज रिझन’ आहे, ‘हॅज’ नाही. आजही ‘ही इज गॉन’ म्हणतोच. जुनी स्पॅनिशही असंच करायची. दोघींनी नंतर सगळीकडे एकच सहायक क्रियापद ठेवलं.

हिमफूल

फिनलंडहून. इथे ‘हॅव’ क्रियापदच नाही! ‘मला दोन मुलं आहेत’ म्हणजे ‘मिनुल्ला ऑन काक्सी लास्ता’, शब्दशः ‘माझ्यापाशी आहे दोन मुलं’. आल्यावर पहिल्याच वर्गात बाकीचे गडबडले, मला वाटलं घरीच आले. आणि ‘मी खाल्लंय’ला ‘ओलेन स्युओन्युत’, ‘आहे’ हेच क्रियापद लावून. शेजारच्या भाषांकडून जोडरूपाची कल्पना घेतली, पण ‘हॅव’ नव्हतंच, मग ‘आहे’वर भागवलं, असं इथे शिकवतात. हंगेरियन ‘मला आहे’ म्हणतात, रशियन ‘माझ्याकडे आहे’. म्हणजे युरोपातही आपल्यासारखे बरेच आहेत.

आयरिश तर फारच जवळचे. ‘मी केलंय’ म्हणायला ते म्हणतात, ‘ते केलेलं माझ्यापाशी आहे’, आणि त्यात ‘हॅव’ नाहीच.

शेवग्याची_शेंग

किती सुंदर प्रतिसाद येताहेत! सगळं वाचलं, लेकीलाही वाचायला लावलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पण आईंचा प्रश्न अजून तिथेच आहे. मी त्यांना पत्राचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “पत्राचं कळलं, ते उरतं. पोळीचं सांग.”

उंबरठा

आजवर नुसतं वाचत होते, आज लिहिते. मराठीत आपण ‘पत्र लिहून ठेवलंय’ म्हणतो की. ‘पापड लाटून ठेवलेत’, ‘कणीक भिजवून ठेवलीय’. ते लॅटिन वाक्य याहून वेगळं आहे का? लिहिलेलं पत्र धरून आहे, लिहून ठेवलंय. आपणही धरणं-ठेवणं याच अर्थाचं क्रियापद जोडतो, मालकीचं नसलं तरी. आजींना ‘हॅव’ऐवजी ‘ठेवणे’ सांगून बघा.

जुनं_दप्तर

वा! हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. अंजिराचं झाड लावून ठेवलं होतं. अगदी बसतं.

तोरीनोकर

कल्पना छान, पण पोळीपाशी अडते. ‘पोळी लाटून ठेवली’ चालेल, ‘पोळी खाऊन ठेवली’ कोण म्हणतं? आजींची शंका तशीच राहते.

उंबरठा

‘काय करून ठेवलंस हे!’ म्हणतो तेव्हा कुठे काय ठेवलेलं असतं? केलेल्याचा परिणाम तेवढा समोर असतो. खाण्याचं मात्र आठवत नाहीये. विचार करते.

शेवग्याची_शेंग

विचार करू नका, सापडलं!

काल संध्याकाळची गोष्ट. लेकीचा साडेसहाचा क्लास, ती दप्तर भरत होती. आई ताटलीत दोन धिरडी घेऊन तिच्या मागे. रोजचं वाक्य: “दोन घास खाऊन ठेव गं, परत यायला नऊ वाजतात.”

मी तिथेच थांबले. म्हटलं, आई, आत्ता काय म्हणालात?
“खाऊन ठेव म्हटलं.”
“खाल्लं तर संपलं ना? मग ठेवायचं काय?”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग खाली बसल्या, ताटली मांडीवर. “नऊपर्यंत भूक लागू नये म्हणून,” त्या सावकाश म्हणाल्या. “धिरडं नाही उरत. खाल्लेलं उरतं.”

लेक दारातून ओरडली, “आजी, तेच हाबं!” आणि शेवटचा तुकडा तोंडात कोंबत, “इश हाबं गेगेसन!”

आई म्हणाल्या, “मग पहिल्या दिवशी सरळ ‘खाऊन ठेवलंय’ सांगितलं असतंस तर? माझ्याकडे आहे, माझ्याकडे आहे काय लावलंस!”

तोरीनोकर

‘आत्ताच खाऊन ठेव, गाडीत काही मिळणार नाही.’ माझी आई प्रत्येक प्रवासाआधी हेच म्हणायची. कसं विसरलो मी. शब्द मागे घेतो.

मांडवीपार

‘धिरडं नाही उरत, खाल्लेलं उरतं.’ हे मी माझ्या लिस्बनच्या मास्तरांना पोर्तुगीजमध्ये सांगणार आहे. कोणतं रूप वापरायचं ते आधी ठरवतो.

इसारकाठची

उद्याच्या वर्गात दोन मराठी मुलं आहेत. धिरड्यापासून सुरुवात करते. शेवग्याताई, लेकीची चाचणी कधी?

शेवग्याची_शेंग

मंगळवारी. हाबन आणि झाइन दोन्ही आहेत. @पाटीपेन्सिल, तुमची ‘त्याने’ची युक्ती तिने वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवलीय.

पाटीपेन्सिल

खाली ‘उडी मारणे’ पण लिहायला सांगा!